चिखलातल्या शर्यतीचा बेत नळापासून मांडा

प्रश्न असा आहे: ‘नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला पाच-सहा तास सायकल चालवतो. सहा आठवड्यांनी माउंटन बाइकची पाच फेऱ्यांची शर्यत आहे आणि त्या दिवसांत पाऊस ठरलेलाच. मागच्या वर्षी दुसऱ्या फेरीत मागचं चाक फिरायचंच थांबलं, चेन दोनदा पडली आणि शर्यत सोडावी लागली. पाय चांगले होते. या वेळी काय वेगळं करू?’

पाय चांगले होते असं तुम्ही लिहिलंत, त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. चिखलात हौशी स्वार पायांमुळे क्वचितच बाद होतो. चाक गच्च भरतं, डिरेलर (चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर नेणारा भाग) वाकतो, ब्रेकचे पॅड संपतात, नाहीतर बोटं इतकी गारठतात की गिअरचा खटका दाबला जात नाही. तुमच्या बाबतीत जे झालं ते बरंचसं टाळता येण्यासारखं होतं. दम वाढवण्याबद्दल पुढे थोडक्यात सांगते, आधी सायकलचं बोलू.

मी अठरा वर्षं हौस म्हणून या शर्यती करते आहे. दिवसभर नोकरी असते, घरी माणसं आहेत, आणि माझी सायकल मीच धुते, मीच उघडते. सायक्लोक्रॉस या चिखलातल्या, छोट्या फेऱ्यांच्या सायकल शर्यतीत मोठ्या स्वारांना दर फेरीला सायकल बदलता येते. एक सायकल मार्गावर असते तेव्हा दुसरी पिटमध्ये, म्हणजे मार्गाकडेच्या दुरुस्तीच्या जागी, धुऊन तयार ठेवलेली असते. क्रॉसकंट्री माउंटन बाइकमध्ये ती सोय नाही, ज्या सायकलवर निघालात तीच शेवटच्या रेषेपर्यंत न्यायची. त्यात तुमच्यामाझ्यासारख्यांना मेकॅनिकही नसतो. आपल्याकडे एक बादली, दोन ब्रश आणि सगळे झोपल्यावर मिळणारा तासभर असतो.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: बेत शर्यतीनंतरच्या नळापासून सुरू करा आणि तिथून मागे या. सायकल कुठे धुणार, किती वेळात धुणार, कोणते भाग झिजून गेलेले असणार, ते घरात आहेत का, हे आधी ठरवलं की शर्यतीआधी काय करायचं ते आपोआप समोर येतं. जो भाग शर्यतीनंतर हमखास बदलावा लागतो, तोच शर्यतीत दगा देतो.

या खेळाच्या मुळाशीच ही देखभाल आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत डोंगरउताराची जी पहिली शर्यत झाली, तिचं नाव ‘रिपॅक’. जुन्या जड सायकलींना मागे पेडल मारून लागणारा ब्रेक असे, तो मागच्या हबमध्येच, म्हणजे चाकाच्या मधल्या भागातच असे. खाली येईपर्यंत हब इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून जायचं आणि प्रत्येक उतारानंतर ते पुन्हा भरावं लागायचं. ग्रीस पुन्हा भरणं, म्हणजेच रिपॅक. शर्यत त्या कामाच्या नावानं ओळखली गेली, हे मला फार योग्य वाटतं.

आता चिखलाकडे येऊ. सगळा चिखल एकसारखा नसतो आणि पायाखाली कोणता आहे हे ओळखता आलं की निम्मं काम झालं. धो धो पाऊस सुरू असताना मार्गावर पातळ राड असते. ती अंगभर उडते, डोळ्यांत जाते, पण चाकाला धरून राहत नाही. खरा त्रास पाऊस थांबल्यावर दोन-तीन तासांनी सुरू होतो. पाणी निथळतं आणि खाली कुंभाराच्या मातीसारखा चिकट गोळा उरतो. त्यात गवत किंवा पालापाचोळा मिसळला तर आणखी वाईट. विटा थापताना मातीत तूस घालतात ते ती धरून राहावी म्हणून, आणि इथेही गवत तेच काम करतं. तुमचं चाक थांबलं ते बहुधा अशाच मिश्रणानं. कडेच्या गवतावरून गेलं तर बरं पडेल असं वाटून स्वार मार्गाच्या कडेला जातात आणि वीस-पंचवीस मीटरांत चाक जाम होतं.

माझ्या एका शर्यतीतलं सांगते. तिसऱ्या फेरीत चढाच्या मध्यावर सायकल अचानक ब्रेक लावल्यासारखी उभी राहिली. उतरून पाहिलं तर मागचं चाक आणि चेनस्टे (फ्रेमच्या चाकालगतच्या मागच्या नळ्या) यांच्यात टायर दिसतच नव्हता, माती आणि गवताची एकच लादी तयार झाली होती. बोटांनी ओढली तर गवताच्या दोऱ्यांमुळे ती तुटेना. शेवटी टायर लिव्हर (टायर काढायची पट्टी) आत घालून खरवडली आणि चाक उलटं फिरवलं, तेव्हा अख्खी ढेप बाहेर पडली. पुढे फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याच्या) कमानीखालीही तेच झालं होतं. हाताला तीन मिनिटं लागली. सायकल उचलली तेव्हा ती नेहमीपेक्षा चार-पाच किलोंनी जड लागली, आणि ते वजन मी आधीची अख्खी फेरी ओढत आणलं होतं. त्या दिवसापासून टायर लिव्हर माझ्या पाठीवरच्या खिशात वर असते, पिशवीच्या तळाशी नाही.

यावरचा पहिला उपाय टायरचा. कोरड्या दिवसांत २.३ किंवा २.४ इंची रुंद टायर छान चालतो, पण त्यानं फ्रेममधली मोकळी जागा खाल्लेली असते. चिखलासाठी २ इंचांच्या आसपासचा अरुंद टायर घ्या. नॉब, म्हणजे टायरवरचे रबरी उंचवटे, उंच हवेत आणि त्यांच्यात अंतर हवं, म्हणजे चाक फिरताना माती फेकली जाते. दाट, बुटक्या नॉबचा टायर एका मिनिटात गुळगुळीत होतो. दोन्ही टायर घेणं शक्य नसेल तर पुढचा बदला. मागचा घसरला तर सावरता येतं, पुढचा घसरला तर थेट जमीन. मागचा मात्र किमान अरुंद असेल असं बघा, कारण जाम होतो तो तिथेच.

हवा किती, हा पुढचा प्रश्न. मी ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेले टायर) वापरते, हवेचा दाब पुढे १८ आणि मागे २० पीएसआयच्या आसपास ठेवते. माझं वजन ६० किलोंच्या आत आहे, तुमचं ८० असेल तर दोन-तीन पीएसआय वाढवा. ट्यूब असेल तर इतकं खाली जाऊ नका, मुळावर किंवा दगडावर रिम आपटून ट्यूबला दुहेरी छेद पडतो. स्वतःचा आकडा शोधायचा तर एकाच वळणावर, एकाच ओल्या दिवशी, दर खेपेला एक पीएसआय कमी करत जा. टायर वळणात आडवा लोळतोय असं वाटलं की एक-दीड वर या. पंप नेहमी तोच वापरा, दोन पंपांचे काटे एकसारखे दाखवत नाहीत.

शर्यतीच्या आदल्या रात्री मी फ्रेमच्या खालच्या नळ्या, चेनस्टेची आतली बाजू, फोर्कची कमान आणि पेडल यांवर सिलिकॉनचा हलका फवारा मारते. माती चिकटते, पण लवकर सुटते. हे करताना ब्रेकची डिस्क आणि तिला पकडणारा कॅलिपर कापडानं पूर्ण झाकायचे. एक थेंबही डिस्कवर गेला तर ब्रेक गेला आणि पॅडही गेले. पुढे छोटा प्लास्टिकचा मडगार्ड लावा. तो सायकलसाठी नाही, तुमच्या डोळ्यांसाठी असतो. चष्मा दुसऱ्या फेरीत काढावाच लागतो, मडगार्ड शेवटपर्यंत राहतो.

ब्रेकचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे लोक फार गाफील असतात. ऑरगॅनिक म्हणजे रेझिनचे पॅड शांत चालतात, लगेच पकडतात, पण वाळूमिश्रित ओल्या मातीत ते खडूसारखे झिजतात. एका शर्यतीत नवे पॅड संपलेले मी स्वतःच्या सायकलवर पाहिले आहेत. सिंटर्ड, म्हणजे धातूचे पॅड आवाज करतात, थंड असताना थोडे उशिरा पकडतात, पण टिकतात. तुमच्या डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असेल तर मात्र धातूचे लावू नका. शर्यतीच्या आदल्या आठवड्यात पॅड काढून उजेडाकडे धरा. मागच्या लोखंडी पट्टीवर ब्रेकचा थर किती उरलाय ते दिसतं. अर्धा मिलिमीटर ही टाकून देण्याची मर्यादा आहे, पण चिखलाच्या शर्यतीला मी एक मिलिमीटरखालचा पॅड नेत नाही. नवे पॅड बसवले तर सपाट कोरड्या रस्त्यावर वेग घेऊन वीसेक वेळा हळूहळू, चाक न अडकवता ब्रेक लावा. ते न करता नवा पॅड थेट ओल्या मातीत नेला तर तो नीट पकडायच्या आत अर्धा झिजलेला असतो.

तुमची चेन का पडली? एकतर ती आणि चेनरिंगचे (पेडलजवळच्या चक्राचे) दात झिजलेले असतील, नाहीतर गाळानं भरलेल्या चेनवर तुम्ही पूर्ण जोर असताना गिअर बदलला असेल. चेन मापायची पट्टी स्वस्त असते, ती घ्या. अकरा किंवा बारा गिअरच्या सायकलला ०.५ टक्के ताण दिसला की चेन बदलायची, जुन्या दहा गिअरपर्यंतच्या सायकलींना ०.७५ पर्यंत चालतं. ओल्या हवामानाचं घट्ट तेल आदल्या रात्री प्रत्येक कडीच्या रोलरवर एकेक थेंब घाला, दहा मिनिटं थांबा आणि बाहेरचं सगळं पुसून काढा. बाहेर राहिलेलं तेल माती ओढून घेतं.

शर्यतीत गिअर चढाच्या आधी बदला, चढावर नाही. कर्रकर्र आवाज येऊन पेडल अडलं तर पायानं जोर लावू नका. तिथेच डिरेलर स्पोकमध्ये ओढला जातो आणि त्याला फ्रेमशी धरणारा तुकडा, हँगर, मोडतो. उतरा, पेडल हातानं मागे फिरवा, बाटलीतलं थोडं पाणी कॅसेटवर (मागच्या गिअरच्या चक्रांवर) आणि डिरेलरच्या दोन छोट्या चाकांवर मारा. तीस सेकंद जातात, शर्यत राहते. मी दोन बाटल्या नेते. एक पिण्याची, दुसरी निव्वळ सायकलसाठी, साध्या पाण्याची.

पिण्याच्या बाटलीबद्दलही गंभीरपणे सांगते. २००७ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात एका माउंटन बाइक शर्यतीनंतर स्पर्धक मोठ्या संख्येनं जुलाबानं आजारी पडले. पाहणीत घेतलेल्या ५३७ जणांपैकी २२५ जणांना त्रास झाला होता. कारण निघालं कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू, आणि तो पोटात गेला होता उडालेल्या चिखलातून. जनावरांची ये-जा असलेल्या वाटांवर हा धोका खरा आहे. झाकण असलेली बाटली घ्या, नाहीतर पहिली पिचकारी बाहेर सोडून मग प्या. ताकदीसाठी खायच्या जेलचं पाकीट दातांनी फाडायचं असेल तर ते जर्सीच्या आत ठेवा. तोंडात माती गेली तर गिळू नका, चूळ भरून थुंका. शर्यत संपल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका, कितीही भूक लागली असली तरी.

प्रत्यक्ष चालवण्याबद्दल. ओल्या मुळावर, ओल्या खडकावर सायकलला काहीही सांगायचं नाही: ब्रेक नाही, वळण नाही, पेडलला झटका नाही. जे करायचं ते त्याच्या आधी उरका आणि मुळाला शक्य तितकं काटकोनात भेटा. तिरकं मूळ पुढचं चाक कापून नेतं. टोकियो ऑलिंपिकची महिलांची शर्यत २७ जुलै २०२१ रोजी झाली, आदल्या रात्रीच्या पावसानं मार्ग ओला आणि निसरडा झाला होता. पहिल्याच फेरीत फ्रान्सची पोलिन फेरां-प्रेव्हो दगडांवर घसरली, स्वित्झर्लंडची योलांडा नेफ तिच्या पुढे निघाली आणि एक मिनिट अकरा सेकंदांच्या फरकानं जिंकली. नेफचं चालवणं शक्य झालं तर बघा. ब्रेक कुठे सोडते आणि खांदे किती सैल असतात, एवढ्याकडेच लक्ष द्या.

डबकी टाळायची का? नेहमी नाही. डबक्याचा तळ पुष्कळदा घट्ट असतो, आणि पाण्यातून गेलं की चाकाची माती धुऊन निघते. कडेला मात्र सगळ्यांनी टाळून टाळून मळलेला चिकट गाळ असतो. म्हणून शर्यतीच्या सकाळी मार्ग पायी फिरते तेव्हा मी डबक्यांत काठी खुपसून बघते. खोल चाकोरीत शिरलात तर तिच्याशी भांडू नका. नजर तिच्या शेवटाकडे ठेवा, चाक आपोआप तिथे जातं.

आणि उतरायला लाजू नका. वेग चालण्याइतका झाला, मागचं चाक जागेवर फिरायला लागलं, की थांबायच्या आत उतरा आणि सायकल खांद्यावर घ्या. ढकलू नका. ढकलताना चाकं फिरतात आणि माती गोळा करत राहतात, खांद्यावरची सायकल गोळा करत नाही. बुटांना पुढे खिळे लावायची सोय असते, ते लावा. पुन्हा बसण्याआधी बूट पेडलवर किंवा दगडावर एकदा आपटा, नाहीतर बुटाखालची क्लीट पेडलमध्ये बसणार नाही. पेडलची पकड एक-दोन खटके सैल ठेवलेली बरी.

सहा आठवड्यांत काय करायचं? पाच-सहा तास पुरेसे आहेत, ते वाढवायच्या नादात झोप कापू नका. आठवड्यात एक लांब, सावकाश फेरी, दोन-अडीच तासांची. एक दिवस जोराचा: चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, असं चार वेळा. एक दिवस ओल्या मैदानावर किंवा निसरड्या वाटेवर पाऊण तास निव्वळ हाताळणी, त्यातच सायकल खांद्यावर घेऊन चढावर तीस-तीस सेकंद पळणं, आठ वेळा. हे पळणं कुणी करत नाही. पहिल्या वेळी पोटऱ्या तीन दिवस दुखतात, म्हणून ते शर्यतीच्या आधीच होऊन जाऊ द्या. उरलेला तास सायकलच्या देखभालीचा धरा आणि तो सरावाच्या वहीत लिहा. माझ्या वहीत तो गेली कित्येक वर्षं सरावाच्याच रकान्यात आहे. घरच्यांशीही तसंच बोला. रविवारी शर्यत असेल तर घराला तुमचा रविवार आणि सोमवारची संध्याकाळ दोन्ही लागणार आहेत, हे आधी सांगितलं की कुरकुर होत नाही. मी सोमवारचं घरकाम शुक्रवारीच उरकते.

आता तो नळ. चिखल वाळायच्या आत सायकल धुवा, पण जोराच्या फवाऱ्यानं नाही. सुरुवातीच्या वर्षांत मी शर्यतीच्या जागीच प्रेशर वॉशरखाली सायकल धरत असे, पाच मिनिटांत चकचकीत. दोन आठवड्यांनी सायकल उलटी करून चाक फिरवलं, हबवर बोट टेकवलं तर आत वाळू दळल्यासारखी खरखर लागली. सील बाहेरचा पाऊस थांबवतं, जवळून सोडलेला दाबाचा झोत थांबवत नाही. पाणी आत गेलं, ग्रीस धुतलं गेलं आणि हबचे, बॉटम ब्रॅकेटचे, हेडसेटचे असे सगळे बेअरिंग एकाच महिन्यात बदलावे लागले. आता साधी नळी, कमी दाब, आणि वरून खाली. आधी भरपूर पाणी सोडून माती मऊ होऊ देते, मग साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश. चेन आणि कॅसेटचा ब्रश वेगळा, तो डिस्कजवळ कधीच नाही. धुऊन झालं की चाकं दोनदा जमिनीवर आपटून पाणी झाडते, फोर्कच्या नळ्या कापडानं पुसते, चेन कोरडी करून लगेच तेल घालते. रात्रभर ओली ठेवलेली चेन सकाळी तांबूस दिसते.

फार थकलेली असले तर त्या रात्री एवढंच करते: पाणी सोडणं, चेन पुसणं, तेल. पॅड काढून बघणं, बेअरिंग तपासणं, बोल्ट आवळणं सोमवारी. कपड्यांना आधी गार पाणी आणि भरपूर खळबळणं, मग मशीन. थेट मशीनमध्ये टाकले तर वाळू ड्रममध्ये जाते आणि घरातलं दुसरं यंत्र बिघडतं. चिखलातल्या शॉर्ट्स पुन्हा घालण्याआधी शिवणीत वाळू राहिली नाही ना, हे हात फिरवून बघा. तीच वाळू पुढच्या लांब फेरीत मांडीला फोड आणते.

मागच्या वर्षीचे पॅड, चेन आणि हँगर तुमच्याकडे अजून सायकलवरच असतील असं मला वाटतं. या शनिवारी सायकल उलटी करा आणि मागच्या चाकाचा टायर ते चेनस्टे दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. ते सहा-सात मिलिमीटरच्या आत असेल तर पहिला खर्च अरुंद टायरवर करा, दुसरा जादा हँगरवर. बाकीचं पुढच्या पाच शनिवारांत बसतं.